एकाच सळईच्या दोन पळ्या

श्रूजबरी, ३ ऑगस्ट १९८६

सुनेत्रा,

काल फोनवर तू विचारलंस, “आई, तळघरातले ते उद्योग अजून चालू आहेत का?” आणि मी नुसतं “हं” केलं. काय करणार? आपला फोन स्वयंपाकघरात, त्याची वायर हातभर, आणि बाबा टेबलाशी पेपर घेऊन बसलेले. तुझा फोन आला की त्यांचं पान उलटायचं थांबतं. म्हणून हे पत्र. इथे मी मनसोक्त बोलणार आहे आणि तुला मधेच “आई, पॉइंट काय आहे?” म्हणता येणार नाही.

तर हो, चालू आहेत. रिटायर झाल्यापासून जरा जास्तच. तेही सगळं अर्विडसाठी. अर्विड आठवतो ना? बाबांच्या फॅक्टरीतल्या टूलरूममधला, आपण या देशात आलो त्या थंडीत तुझ्यासाठी स्नो-बूट घेऊन आलेला. त्याच्या वडिलांचं एक जुनं रिव्हॉल्व्हर आहे, एक्केचाळीस लाँग कोल्ट या जुन्या मापाचं. त्याची काडतुसं कंपन्यांनी करायची केव्हाच बंद केली. दुकानात मागितली तर काउंटरवरचा मुलगा आधी तोंडाकडे बघतो आणि मग मॅनेजरला हाक मारतो. म्हणून या दोघा म्हाताऱ्यांनी वापरलेल्या पितळी पुंगळ्या जमवायच्या, साफ करायच्या, आकारात आणायच्या आणि पुन्हा भरायच्या. एकेक पुंगळी जपतात, जशा काही सोन्याच्या पुतळ्या! मी म्हटलं, “अहो, ज्याचं खाणंच बाजारात मिळत नाही असं जनावर पाळावं कशाला?” तर हसले.

मी त्यांची बाजू घेतेय असं समजू नकोस. संजीवच्या प्रबंधाची घाई होती आणि तुझी लॅब, म्हणून तू चौऱ्याऐंशीच्या दिवाळीत अमितला महिनाभर माझ्याकडे ठेवलंस. दीड वर्षाचं पोर. जायच्या आधी बाबांकडून शब्द घेतलास की तळघराच्या दाराला कुलूप राहील आणि अमितला खाली नेणार नाहीत, कारण खाली शिसं वितळवून गोळ्या ओततात. त्यांनी दिला शब्द. आणि डिसेंबरात तुझ्याच लॅबमध्ये अमितच्या रक्तात नको तेवढं शिसं निघालं. बाबा पहिल्यांदा ‘छे, शक्यच नाही’ म्हणाले, आणि आठवड्याने आपणहून फोन करून सांगितलं की ‘हो, मीच नेलं होतं एकदोनदा खाली’. ते शब्द मीही इथे उभी राहून ऐकले. मी दुपारची पडत असे तेव्हा नेलं असणार. तू बोलणं टाकलंस, इकडे यायचं टाकलंस. मीही महिनाभर बोलले नव्हते. तुला यातला शब्दन् शब्द माहीत आहे, पण माझ्या डोक्यात रोज हेच फिरतं, तर लिहूनच टाकलं.

आता अमितचं रक्त साफ आहे असं तू म्हणतेस, देवाची कृपा. पण राग काही उतरत नाही. तुझाही नाही, माझाही नाही.

बाकी ठीक. बाबांना मोतीबिंदू झालाय, उजवा डोळा या महिन्यात करायचा म्हणतात. जेवणखाण व्यवस्थित. आता तर पानात पडेल ते मुकाट्याने खातात. पूर्वी कसे, मीठ कमी, हिंग जास्त, तुझ्या आईकडे असंच करतात वाटतं! आता आमटी चुलीवर लागली तरी चकार शब्द नाही. मला मेलं चुकल्यासारखं होतं.

अमितला म्हणावं, तुझा ट्रक बघायचाय आजीला. काल फोनवर मला अख्खा ट्रक इंग्लिशमध्ये सांगितला त्याने. मी सगळ्याला “यस यस” म्हटलं.

आई


श्रूजबरी, २४ ऑगस्ट

सुनेत्रा,

डोळा झाला. डॉक्टर खूश, पेशंट चिडलेला. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, आणि जवळचं सगळं धुरकट. चष्मा यायला वेळ आहे, दुसरा डोळा त्यानंतर. दिवसभर खिडकीशी बसून “पोस्टमन आला का गं?” विचारतात. तुझं पत्र माझ्या नावाने येतं, ते मी टेबलावर उघडंच ठेवते. वाचता येत नाही त्यांना सध्या, तरी हातात घेऊन बसतात.

काल अर्विड आला होता. एक्क्याऐंशीचा झालाय, बोटं सांधेदुखीने वाकडी झालीत. तो थँक्सगिव्हिंगच्या आधी मुलीकडे ॲरिझोनाला कायमचा चालला आहे. त्याचे वडील दर ऑक्टोबरला नेमबाजीच्या क्लबात त्या रिव्हॉल्व्हरमधून सहा बार काढायचे आणि तेच तो करत आला. या वर्षी शेवटचं. आणि भरलेली काडतुसं संपलीत. बाबा म्हणाले, “करतो मी.” अर्विडने त्यांच्या डोळ्यावरच्या पट्टीकडे बघितलं आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. चांगला माणूस आहे.

तो गेल्यावर बाबा मला म्हणतात, “अगं, तुझी नजर चांगली आहे.”

“आहे. मग?”

“पुंगळीत दारू नीट पडली का ते डोळ्यांनी बघावं लागतं. मला दिसत नाही. तू बघशील?”

मी सरळ नाही म्हटलं. त्या डिसेंबरापासून मी तळघराच्या जिन्यावर पाऊल ठेवलेलं नाही, तुला माहीत आहे. वॉशिंग मशीनसुद्धा वर आणायला लावलं. मी म्हटलं, “ज्याच्यापायी पोर दुरावली तिथे मी येऊ? शोभतं का विचारणं?” ते म्हणाले, “बरं.” एवढंच. तुझ्या बाबांशी भांडणं म्हणजे उशीशी भांडणं.

पण खरं सांगू? रात्रभर मला त्या अर्विडचे स्नो-बूट आठवत राहिले. लाल होते. तुला दोन नंबर मोठे, तू ते घालून झोपायचीस.

आई


श्रूजबरी, १४ सप्टेंबर

सुनेत्रा,

गेले बाई मी खाली. रागावू नकोस. रागावलीस तरी हे पत्र पूर्ण वाच.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण तू तोच विचारणार. घरात शिसं वितळवणं बाबांनी त्या डिसेंबरापासून बंद केलंय. मला पत्ताच नव्हता! गोळ्या अर्विडच्या कोठारात ओततात आणि डब्यातून आणतात. खालची फरशी पुसून लख्ख, खालचे कपडे वेगळे, चपला वेगळ्या, वर यायच्या आधी कोपरापर्यंत हात धुवायचे. मी मनात म्हटलं, हे उशिरा सुचलेलं शहाणपण. पण तुला कळवायला हवं म्हणून कळवते.

आता कामाचं सांगते. एक लोखंडी प्रेस आहे, दांडा खाली ओढायचा. त्यात पुंगळी आकारात येते आणि मागची जळून गेलेली टोपी, जिच्या ठिणगीने दारू पेटते ती, निघते. मग नवी टोपी बसवायची, दारू घालायची, वरून गोळी दाबायची. या जुन्या काडतुसाची गोळी बुडाशी पोकळ, मोदकाच्या पारीसारखी. म्हटलं ही अशी का? तर बार उडाला की ते बूड फुगतं आणि नळीला चिकटून बसतं, नाहीतर गोळी वाट्टेल तिकडे जाईल. दांडा ओढायला मला मजा येते. सोऱ्यावर आयुष्यभर चकल्या पाडल्यात, माझ्या हाताला ते वळण आहे. बाबांपेक्षा सरळ बसतात माझ्या गोळ्या. त्यांना सांगितलं तर म्हणाले, “असतील.”

गंमत नाही, एक गोष्ट मात्र भीतीची आहे. पुंगळी लांब आणि दारू चिमूटभर. एकीत चुकून दोनदा पडली तरी मावते. आणि अशी उडाली तर रिव्हॉल्व्हर फुटेल, अर्विडचा हात जाईल. म्हणून भोकांच्या लाकडी ठोकळ्यात सगळ्या उभ्या करायच्या, दारू घातली की बॅटरीच्या उजेडात प्रत्येकीत डोकावायचं, सगळ्यांत पातळी सारखी हवी. तेवढ्या वेळात कुणी बोलायचं नाही. बाबांचा एकच नियम आहे. शंका आली की सगळं ओतायचं आणि पहिल्यापासून भरायचं. ‘बहुतेक बरोबर असेल’ हे चालत नाही.

गेल्या रविवारी मी दारू घालत होते आणि वर फोन वाजला. तूच होतीस. म्हणून मी धापा टाकत होते आणि तुटक बोलले, तुला वाटलं माझं काही बिनसलंय. परत खाली गेले तर आठवेना, कुठपर्यंत आले होते. डोकावून बघितलं, सगळं सारखं दिसत होतं. मी म्हटलं, “ठीक आहे हो.” बाबा म्हणाले, “शंका आली होती ना?” “आली होती जराशी.” “मग ओत.” ओतलं सगळं! मी चडफडत होते आणि ते ठोकळा धरून उभे होते. मग विचारलं, “काय म्हणत होती?”

“कोण?”

“फोनवर.”

मी सांगितलं, अमितला प्लेस्कूलमध्ये घातलंय आणि तो तिथल्या बाईंना मावशी म्हणतो. खूप वेळ हसत होते गं. नंतर चष्मा पुसत बसले, नवा अजून आलेला नाही. म्हणजे जुनाच.

मी काही मध्यस्थी करत नाहीये. घडलं ते लिहिलं.

आई


श्रूजबरी, खंडेनवमी

सुनेत्रा,

आज सकाळी पाट मांडला. विळी, कातरी, किसणी, तुझ्या जुन्या कंपासपेटीतला कर्कटक, माझी शिवणाची मशीन. बाबांना म्हटलं, “तुमची हत्यारं आणा वर, हळदकुंकू लावते.” तर म्हणाले, “खालचं खालीच राहू दे. मी तिथेच फूल वाहीन.”

मला आलाच राग. गेल्या वर्षीही असंच केलं होतं, तेव्हा माझा राग ताजा होता म्हणून सोडून दिलं. एरवी हा माणूस वर्षभर देवापुढे उभा राहत नाही, पण खंडेनवमीला पाने-स्क्रू-ड्रायव्हरसकट सगळं पुसून पाटावर मांडणार, फॅक्टरीत असताना लंचब्रेकमध्ये लेथलासुद्धा कुंकू लावून येणार. आणि आता म्हणे खालचं खाली! मी म्हटलं, जाऊ दे, आपणच जावं. कुंकवाची कुयरी घेतली, झेंडूची दोन फुलं घेतली आणि उतरले. बाबा अर्विडकडे गेले होते.

प्रेसवर धूळ होती. पुसायला फडकं शोधत खालचा कप्पा उघडला. मागे एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. त्यात फडकं नव्हतं. जुन्या पेपरात गुंडाळलेलं काहीतरी होतं, पेपर चौऱ्याऐंशीच्या डिसेंबरातला.

आत दोन पळ्या निघाल्या, लोखंडी.

तुला त्या पळ्या माहीत आहेत. आपण आलो तेव्हा इथे फोडणीची पळी मिळेना, मी लहानशा तव्यात मोहरी तडतडवायचे आणि हात भाजून घ्यायचे. बाबांनी फॅक्टरीत एका सळईतून दोन केल्या, एक मला फोडणीला आणि एक स्वतःला शिसं ओतायला. एका मापाच्या, एका घडणीच्या. दांड्याच्या टोकाला नावाच्या पहिल्या अक्षराचा पंच मारला, माझ्या पळीवर S, त्यांच्या पळीवर J.

S च्या पळीत आत राखाडी पापुद्रा आहे. शिशाचा. नखाने निघतो.

J ची पळी आतून काळी आहे, तेलाची काजळी. आणि कडेला एक मोहरीचा दाणा चिकटलाय.

सुनेत्रा, मी अजून खालीच आहे. त्यांच्या स्टुलावर बसून त्यांच्याच पॅडवर लिहितेय. कुंकू लावायचं राहून गेलंय. वर भात लागतोय बहुतेक, वास येतोय. मला उठवत नाही.

आई


श्रूजबरी, दसऱ्यानंतरचा मंगळवार

सुनेत्रा,

परवाचं पत्र तसंच पाकिटात घालून ठेवलंय, याच्याबरोबर टाकीन. एकत्र वाच. उभ्याने वाचू नकोस.

शंका आली, मग बाबांनी शिकवलं तसंच केलं. सगळं ओतलं आणि पहिल्यापासून भरत आले.

चौऱ्याऐंशीची खंडेनवमी. त्या दिवशी वरचं, खालचं सगळं एकाच पाटावर होतं, दोन्ही पळ्या शेजारी शेजारी. दसरा झाल्यावर मीच ती हत्यारं धुतली, मीच पुसली, मीच जागेवर ठेवली. बाबा दुसऱ्या शिफ्टला गेले होते. दांड्याच्या टोकाचं अक्षर कोण बघतंय! माझी खाली गेली आणि त्यांची, शिशाची, माझ्या ड्रॉवरमध्ये आली. मग दिवाळी, मग अमित. रोज वरणभात, वर तूपजिऱ्याची चुरचुरीत फोडणी. मी त्याला मांडीवर घेऊन घास भरवायचे, हा चिऊचा, हा काऊचा. दुसऱ्या कुणाच्या हातून जेवायचा नाही तो. मी किती मिरवलं होतं तेव्हा तुझ्यापाशी.

आणि तुझा डिसेंबरातला फोन झाल्यावर आठवड्याच्या आत बाबांनी नवी पळी आणून दिली होती. म्हणाले, जुनीचा दांडा ढिला झालाय. मी म्हटलं, कधी? मला तर नाही जाणवला.

परवा ते अर्विडकडून परत आले तेव्हा मी दोन्ही पळ्या जेवणाच्या टेबलावर ठेवल्या होत्या. त्यांनी जवळ घेऊन बघितल्या, एका डोळ्याने. मग खुर्ची ओढून बसले.

“कुठे मिळाल्या?”

“जिथे तुम्ही लपवल्यात तिथे. अमितला खाली नेलं होतं तुम्ही?”

त्यांनी दांड्यावरचं अक्षर बोटाने चाचपलं.

“अहो, मी विचारतेय. नेलं होतं?”

“नाही.”

“एकदाही?”

“शब्द दिला होता ना तिला.”

माझं डोकंच फिरलं. मी ओरडले गं त्यांच्यावर. म्हटलं, “मग खोटं का सांगितलंत? दोन वर्षं! ती तुमचं नाव घेत नाही, मी तुम्हाला काय काय बोलले, आणि तुम्ही दगडासारखे ऐकून घेतलंत?” तर शांतपणे म्हणाले, “ती रोज विचारत होती, कुठून आलं, कुठून आलं. हुशार आहे, घराचा एकेक कोपरा तपासायला लावला असता तिने. शेवटी तुझ्या ड्रॉवरपाशी येऊन थांबली असती. त्याआधी मी सापडलो तर प्रश्न मिटत होता. पळी मी काढून घेतलीच होती, पोराला पुढे धोका नव्हता.”

“आली असती ड्रॉवरपाशी तर आली असती! मी काय विरघळले असते?”

“मग तू पुन्हा त्याला घास भरवला असतास?”

मी J ची पळी पदराने पुसायला लागले.

मग म्हणाले, “आणि दोघांशीही बोलायची बंद झाली असती तर? माझ्याशी नाही बोलली तरी तुझ्याशी बोलते. इथे बसलं की मला तिचा आवाज येतो, रिसिव्हरमधून. शब्द कळत नाहीत, पण आवाज येतो.”

सुनेत्रा, मला वाटायचं पेपर वाचायला बसतात तिथे. मी त्यांना एकदा म्हटलंही होतं, फोन चालू असताना इथे काय ठाण मांडता, बाहेरच्या खोलीत बसा.

मी रडले पुष्कळ, ते तुला लिहून काय सांगू. अमितला मी जे भरवलं ते आठवून रडले. या माणसाला मी जे बोलले ते आठवून रडले. ते शेजारी बसून होते. मधेच उठून भात उतरवून आले, करपलेला. तोच जेवले.

त्यांनी मला शपथ घातली की तुला कळवायचं नाही. “झालं गेलं. पोर बरं आहे. आता कशाला?” तीन वेळा वदवून घेतलं. मी हो म्हटलं. आज ते अर्विडबरोबर क्लबात गेलेत आणि मी दोन्ही पत्रं घेऊन चालत पोस्टात निघालेय. म्हणजे आपल्या घरात दिलेला शब्द मोडणारं माणूस एकच आहे, आणि ते म्हणजे मी.

तू मला काय म्हणायचं ते म्हण. बोलणं टाकलंस तरी मी समजेन. पण फोन बंद करू नकोस. तेवढा येऊ दे. मी उचलणार नाही, ते उचलतील.

आई


श्रूजबरी, २६ ऑक्टोबर

सुनेत्रा,

हे पत्र पोचेल तेव्हा तू इथे यायच्या तयारीत असशील, संजीव ड्राइव्ह करणार म्हणालास... म्हणालीस तू. बघ, काय लिहितेय कळत नाही. पण तुला पत्र लिहायची सवय लागलीये आणि फोनवर तुला एका बाजूचंच कळलं. दुसरी बाजू मी बघितली, ती तुला सांगायला हवी.

गेल्या रविवारी फोन वाजला. मी सांगितल्याप्रमाणे उचलला नाही. पोळी लाटत राहिले. वाजतोय, वाजतोय. बाबा म्हणाले, “अगं, तिचा असेल.” मी म्हटलं, “माझे हात पिठाचे आहेत.” ते उठले, रिसिव्हर घेतला आणि “आईला देतो हं” म्हणून माझ्यापुढे धरला. तेवढ्यात तू काहीतरी बोललीस आणि त्यांनी तो हळूच स्वतःच्या कानाला लावला.

मला इकडचं ऐकू येत होतं ते असं. “हो... हो बेटा... नाही, नव्हतं नेलं... हो, खोटं बोललो.” मग, “लावलेलं होतं. रोज. किल्ली खिशात असायची माझ्या.” आणि मग भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, रिसिव्हर कानाला, खांदे हलतायत. एवढ्या वर्षांत मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं, त्यांच्या आईच्या वेळीसुद्धा नाही. मी लाटणं धरून उभी. पोळी तव्यावर काळी झाली.

शेवटी तू त्यांना फक्त कुलूप होतं का एवढंच विचारलंस, असं ते नंतर म्हणाले. खरं का?

मग मला विचारलं, “तिला कसं कळलं?” मी म्हटलं, “मला काय माहीत? हुशार आहे, बापावर गेलीये.” त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं, पण विषय वाढवला नाही.

तू दरडावल्याप्रमाणे दोघं रक्त देऊन आलो. माझं ठीक, त्यांचं थोडंसं वर आहे पण काळजीचं नाही म्हणाले. रिपोर्ट तुझ्यासाठी फ्रिजवर लावलाय, ओरडायचं ते आल्यावर ओरड. अर्विडचे सहाही बार नीट उडाले. एकही फुसका निघाला नाही, हे मुद्दाम लिहिते कारण भरलेले माझे होते. त्याने पुंगळ्या धुऊन रुमालात बांधून मला आणून दिल्या. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तो म्हणाला धुराचं. तळघरातलं प्रेस अर्विडच्या क्लबाला द्यायचं ठरलंय. शनिवारी तू यायच्या आत न्या म्हटलं. मला जरा वाईट वाटतंय, हात बसला होता.

राहता राहिली माझी गोष्ट. फोनवर शेवटी तू मला म्हणालीस, “आई, अमितच्या जेवणाचं तूच बघ हं, माझ्याकडे तो धड जेवत नाही,” आणि मी काही न बोलता फोन ठेवला. रागाने नव्हे गं. दसऱ्यापासून मी वरणाला फोडणी घातलेली नव्हती. पळी हातात घ्यायचे आणि परत ड्रॉवरमध्ये ठेवायचे. बाबा रोज ते पांढरं फटक वरण मुकाट जेवत होते.

आज सकाळी ड्रॉवर उघडला. पळी बाहेर काढली, खिडकीपाशी नेऊन उजेडात आतून बघितली, दांडा बघितला. नवीवर त्यांनी अक्षर कोरलेलंच नाही. कशाला कोरतील, आता घरात एकच पळी आहे. तूप घातलं, जिरं घातलं आणि ओतली वरणावर. घरभर वास सुटला.

बाबा येऊन पानावर बसले. भात कालवला, एक घास घेतला, थांबले आणि म्हणाले, “जिरं जास्त झालं गं. तुझ्या आईकडे असंच करतात वाटतं.”

दोन वर्षांत पहिल्यांदा नावं ठेवली त्यांनी माझ्या स्वयंपाकाला. मी पदर तोंडाला लावून आत पळाले.

लवकर या. अमितचा पाट काढून पुसून ठेवलाय.

आई